रिपोर्ट नॉर्मल, मग झालंय काय?

'नैराश्याची खूण रक्तात सापडली' अशा मथळ्याची लिंक तुमच्याही फॅमिली ग्रुपवर कधीतरी आली असेल. त्यात कॅल्शियमचं नाव असलं की कुणीतरी लगेच गोळ्या सुचवतं. थांबा. इथला प्रश्न आहारातल्या कॅल्शियमचा नाही, पेशीच्या आतल्या निरोपांचा आहे.

पेशीबाहेरच्या तुलनेत आतल्या द्रवात मोकळं कॅल्शियम सुमारे दहा हजारपट कमी असतं आणि हा फरक टिकवायला पेशी सतत ऊर्जा खर्च करते. रोगप्रतिकारक टी-पेशीने जंतूचा तुकडा ओळखला, की आधी आतल्या साठ्यातलं कॅल्शियम सुटतं. साठा रिता झाल्याचं स्टिम-१ या प्रथिनाला कळतं, ते ओराय-१ नावाचं दार उघडतं आणि बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं. त्याने कॅल्सिन्यूरिन जागं होतं आणि लढाईची जनुकं चालू होतात. किडनी बदललेल्या रुग्णाला सायक्लोस्पोरिन देतात ते हीच साखळी तोडायला.

मेंदूच्या पेशीही कॅल्शियमवरच चालतात, पण जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा कोण देणार? रक्त मिळतं. १९८५ साली रॉजर त्सिएन यांच्या गटाने फ्युरा-२ हा चमकणारा रंग आणला आणि पेशीतलं कॅल्शियम मोजणं सोपं झालं. नैराश्य, बायपोलर असलेल्यांच्या लिम्फोसाइट आणि प्लेटलेट तपासल्या गेल्या. काही अभ्यासांत फरक दिसला, काहींत नाही.

हे संशोधन व्हायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. पण त्यातून टेस्ट विकायला निघणं मला मान्य नाही. दोन गटांच्या सरासरीत फरक असला तरी एकट्या माणसाचं निदान त्यावरून होत नाही. वय, सिगरेट, चालू औषधं, नमुना किती तास पडून होता, सगळ्याने आकडा हलतो. १९८१ मध्ये डेक्सामेथासोन चाचणीबद्दल अशीच आशा होती. पुढे ती वजन घटलेल्यांत, डिमेन्शिया असलेल्यांतही पॉझिटिव्ह येऊ लागली.

आपल्याकडे मात्र आकड्याशिवाय आजार पटत नाही. 'थायरॉइड नॉर्मल, बी-१२ नॉर्मल, मग झालंय काय?' अहो, त्या तपासण्या दुसरी कारणं वगळायला असतात. मायग्रेनचं निदानही मुख्यतः रुग्णाला विचारूनच होतं; त्याला कुणी नाटक म्हणत नाही (बरं, काही सासवा म्हणतात).

तेव्हा पुढची लिंक आली की दोनच गोष्टी बघा: किती माणसं तपासली आणि ती औषधं घेत होती का. आणि घरात कुणी झोप उडाल्याचं, कशातच मन लागत नसल्याचं सांगत असेल, तर डॉक्टरची वेळ आजच घ्या.