आधी माप, मग मोल



गेल्या महिन्यात या सदरात बँक खात्यांवरील नामनिर्देशनाविषयी लिहिले होते. त्याबाबत शंका विचारायला आमचे एक स्नेही घरी आले. पूर्णेच्या बाजारपेठेत त्यांचे कापडाचे जुने दुकान आहे. शंका फिटल्यावर चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, "साहेब, आणखी एक विचारायचे होते. डॉक्टरांनी साखरेमुळे रोज तासभर अंग हलवायला सांगितले आहे. विजेवर चालणारी, जाड टायरची ती डोंगरी सायकल घ्यावी म्हणतो. मोबाइलवर पाहिली. चाळीस टक्के सूट आहे आणि आज रात्रीपर्यंतच आहे. घेऊ का?"

मी किंमत विचारली नाही. विचारले, "तुमच्या पायांची उंची किती?"

ते मनापासून हसले. "अहो, सायकल घ्यायची आहे, पायजमा नव्हे!"

तेव्हा मी माझे डावे मनगट त्यांच्यापुढे धरले. ते आजही पूर्ण वळत नाही.

ती हकीकत संकोचाची आहे. परंतु इतरांचे नुकसान टळणार असेल तर संकोच बाजूला ठेवावा. निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सवलतीत, मीही अशीच एक इलेक्ट्रिक माउंटन बाइक घरबसल्या मागवली होती. मोटार पाहिली, बॅटरी पाहिली, गिअर मोजले, सूट तर दोनदा मोजली. फ्रेम १९ इंची आणि चाके २९ इंची, असे तेथे स्पष्ट लिहिलेले होते. मोठी गाडी, म्हणजे भक्कम गाडी, अशी मी माझी समजूत घातली. माझी उंची ५ फूट ५ इंच. पहिले आठ दिवस सुखाचे गेले. नवव्या दिवशी सकाळी रेल्वे फाटक पडताना पाहून मी थांबलो. पाय जमिनीकडे सोडला, तो जमिनीला लागलाच नाही. पंचवीस किलोची सायकल कलली, तोल सावरताना मूठ पिळली गेली, मोटारीने एक हिसका दिला आणि मी डाव्या हातावर पडलो. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर.

दोष कोणाला द्यावा? विकणाऱ्याने माप लपवले नव्हते. मी माझे माप घेतले नव्हते. सौभाग्यवती इतकेच म्हणाल्या, "बँकेत होतात तेव्हा लोकांना ऐपत पाहून कर्ज घ्या म्हणून सांगत होतात." त्यांचे म्हणणे खरे होते. कर्जाची रक्कम ठरवताना आम्ही आधी कर्जदाराची परतफेडीची कुवत पाहत असू, मग त्याची मागणी. येथे मी मागणी पाहिली, कुवत पाहिलीच नाही. पुढे ती सायकल निम्म्या किमतीला एका उंच तरुणाला देऊन टाकली. नुकसान वहीत लिहिले आहे.

या चुकीच्या मुळाशी आपल्या घरांतील एक जुनी, चांगली सवय आहे, असे मला वाटते. आपण वस्तू "वाढत्या अंगाची" घेतो. मुलाचा सदरा दोन बोटे मोठा, बूट एक अंक पुढचा. माझे वडील आठवडी बाजारांना जात ती काळी सायकल २४ इंची फ्रेमची होती. दहाव्या वर्षी मी ती दांड्याखालून पाय घालून चालवायला शिकलो आणि एक दिवस आपण हिच्याएवढे होऊ, या भरवशावर पडत राहिलो. दहाव्या वर्षी हे शोभते. साठीनंतर अंग वाढत नसते. झालेच तर कणभर आखडते. मोडलेले हाडही त्या वयासारखे चटकन जुळत नाही.

पूर्णेच्या लोकांना हे समजावणे अवघड नाही. आपल्या जंक्शनवर कित्येक वर्षे दोन मापांचे रूळ होते. परभणी-नांदेड मार्ग रुंद झाला, तरी अकोल्याकडचा फाटा या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत मीटर गेजच राहिला. एका रुळाचे अंतर १ मीटर, दुसऱ्याचे १.६७६ मीटर. इंजिन कितीही दमदार असो, एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळावर कधी चालला नाही. सायकलीचेही तसेच आहे. मोटारीचे बळ नंतर. आधी माप जुळले पाहिजे.

हे माप घरी पाच मिनिटांत घेता येते. अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभे राहावे. दोन्ही पायांत वीतभर अंतर ठेवावे. एक जाड, सपाट पुठ्ठा दोन्ही पायांमध्ये आडवा धरून, आपण सीटवर बसलो आहोत अशा बेताने वर दाबावा. (खतावणी घेऊ नये; तिचा मान वेगळा आहे.) पुठ्ठ्याची वरची कड भिंतीला लागते तेथे दुसऱ्या कोणाकडून पेन्सिलीची खूण करून घ्यावी आणि जमिनीपासून तिचे अंतर सेंटीमीटरमध्ये मोजावे. ही आपल्या पायांची आतील उंची. एकूण उंचीवरून अंदाज बांधू नये. सारख्या उंचीच्या दोन भावांचे पाय सारखे असतीलच असे नाही.

या एका आकड्यातून तीन उत्तरे निघतात. पहिले फ्रेमचे. आकड्याला ०.२२६ ने गुणले की डोंगरी सायकलीच्या फ्रेमचे माप इंचांत साधारणपणे मिळते. माझा आकडा ७५, गुणाकार १६.९५, म्हणजे १७ इंच. मी घेतली होती १९ इंची. दुसरे उत्तर सीटचे. त्याच आकड्याला ०.८८३ ने गुणले की क्रँकच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर मिळते. माझ्यासाठी ६६ सेंटीमीटर. पडताळा असा : सीटवर बसून, पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा आणि पंजा ठेवला तर गुडघा किंचित वाकलेला राहावा. सीट फार खाली असेल तर गुडघ्यावर ताण येतो. "सायकलने गुडघे दुखतात" ही तक्रार पुष्कळदा सीटची असते, सायकलीची नव्हे.

तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच मी चुकलो. सीट योग्य उंचीवर असली की बसल्या जागेवरून दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकत नाहीत. थांबताना सीटवरून पुढे उतरून दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभे राहावे लागते. म्हणून दांड्याची जमिनीपासूनची उंची आपल्या आकड्यापेक्षा किमान पाच सेंटीमीटरने कमी हवी. माझ्या पहिल्या सायकलीचा दांडा ७९ सेंटीमीटरवर होता आणि माझे पाय ७५! जी गाडी थांबवून तिच्यावर उभे राहता येत नाही, ती गाडी आपली नव्हे. नवख्या माणसाने पहिला महिना सीट थोडी खालीच ठेवावी. साडी नेसणाऱ्या भगिनींनी आणि ज्यांना पाय उंच उचलता येत नाही अशा ज्येष्ठांनी आडव्या दांड्याच्या वाटेस जाऊच नये. खाली उतरत्या दांड्याच्या इलेक्ट्रिक सायकली मिळतात.

दुकानात "किती इंची?" असे विचारले की बहुधा चाकाचे माप सांगतात : २६, २७.५ किंवा २९. ते चाकाचे माप, फ्रेमचे नव्हे. दोन्ही विचारावीत. मध्यम व कमी उंचीच्या माणसाला २७.५ इंची चाक आवरायला सोपे जाते. अनेक मॉडेल एकाच फ्रेमच्या मापात येतात आणि "सर्वांसाठी" असे त्यांचे वर्णन असते. सर्वांसाठी बेतलेला सदरा कोणाला कसा बसतो, हे कापडाच्या व्यापाऱ्याला मी काय सांगावे?

आता प्रश्न असा की, पूर्णेसारख्या सपाट मुलखात डोंगरी सायकल हवीच कशाला? अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात १९७० च्या दशकात काही हौशी तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरउतारावरून पळवत. त्यातून ही जात जन्मली. पेडलला विजेचे साह्य देणारी सायकल जपानच्या यामाहाने १९९३ साली आणली. या दोन प्रवाहांचा संगम आज आपल्या बाजारात आहे आणि पुण्यातही ईमोटोरॅडसारखी कंपनी अशा सायकली बनवते. (नाव घेतले ते माहितीसाठी, शिफारस म्हणून नव्हे.) आपल्याकडे डोंगर नसले तरी खड्डे, गतिरोधक आणि मुरमाचे शेतरस्ते आहेत. त्यासाठी रुंद टायर आणि पुढचा शॉकॲब्सॉर्बर उपयोगी. मागचा शॉकॲब्सॉर्बर मात्र वजन आणि खर्च वाढवतो, तो सोडावा. काळ्या रानातला पावसाळी चिखल टायर व मडगार्ड यांच्यामध्ये घट्ट बसला की चाक फिरेनासे होते. साधी सायकल खांद्यावर घेता येते, पंचवीस किलोची येत नाही. म्हणून मडगार्ड आणि टायर यांत बोटभर तरी फट असावी. बहुतेकांची मोटार मागच्या चाकाच्या मध्यभागी असते; भुयारी पुलाखाली साचलेल्या पाण्यात ती बुडवू नये.

मोटारीविषयी कायदा स्पष्ट आहे. मोटारीची शक्ती २५० वॉटच्या आत असेल आणि ताशी २५ किलोमीटरला तिचे साह्य बंद होत असेल, तर ती मोटार वाहन ठरत नाही. परवाना, नोंदणी लागत नाही. कोणी ५०० किंवा ७५० वॉटची "खास" मोटार बसवून देऊ म्हटले तर नकार द्यावा. तशी गाडी विनानोंदणी वाहन ठरते आणि अपघात झाला तर सारा भार मालकावर येतो. सामान्य माणूस बराच वेळ ७५ ते १०० वॉट इतकेच बळ लावू शकतो. म्हणजे २५० वॉट हे आपल्यासारखे दोन-तीन गडी झाले. तेवढे पुरते. ब्रेक दाबताच मोटार आपोआप तुटते का, हे मात्र दुकानातच तपासावे. मी पडलो तेव्हा माझे बोट ब्रेकवर नव्हते, मुठीवर होते.

बॅटरीचा हिशेब व्यापाऱ्याच्या आवडीचा. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॉट-तास. पेडल मारीत गेले तर त्यात साधारण चाळीस किलोमीटर, केवळ मूठ पिळून गेले तर पंचवीस. जाहिरातीतला आकडा हलक्या माणसाचा आणि सपाट रस्त्याचा असतो. एका चार्जला अर्ध्या युनिटहून कमी वीज लागते, म्हणजे चार-पाच रुपये. पण खरा खर्च विजेचा नव्हे, बॅटरीच्या घसाऱ्याचा. समजा, नवी बॅटरी १२ हजारांची आणि ती ५०० चार्ज टिकली. दर चार्जला ३० किलोमीटर धरले तर १५ हजार किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला ८० पैसे. तरीही स्कूटरपेक्षा स्वस्तच. म्हणून बॅटरीची हमी लेखी घ्यावी आणि पक्के बिल मागावे. त्यावर वस्तू व सेवा कर ५ टक्के लागतो.

एक सूचना कळकळीची आहे. आपल्यापैकी अनेकांचे खाली दुकान, वर घर आणि मध्ये एकच जिना. बॅटरी जिन्याखाली किंवा मालाच्या ठेल्यांजवळ कधीही चार्ज करू नये. रात्रभर लावून झोपू नये. लिथियम बॅटरीने पेट घेतला तर वरच्यांची उतरण्याची वाटच बंद होते. काढता येणारी बॅटरी घ्यावी, सोबतचाच चार्जर वापरावा आणि उन्हातून आल्यावर ती थंड होऊ देऊन मगच लावावी.

स्नेह्यांच्या पायांची उंची भरली ७२. गुणाकार १६.३. मोबाइलवरची सवलतीची सायकल १८ इंची होती. त्या रात्री सूट संपली; ते थोडे खट्टू झाले. पुढच्या रविवारी आम्ही नांदेडला गेलो. तीन दुकाने फिरलो, मोजपट्टी खिशात. एका ठिकाणी त्यांना एक लाल सायकल फार आवडली. मी म्हटले, "बसू नका, आधी दांड्यावर उभे राहा." ते उभे राहिले आणि काही न बोलता बाजूला झाले. त्यांच्या मापाची तेथे नव्हती. आम्ही रिकाम्या हाताने परतलो. तीन आठवड्यांनी त्यांच्या मापाची आली, राखाडी रंगाची, सुटीशिवाय. आता ते रोज सकाळी मिरखेलच्या दिशेने जातात. जाताना स्वतःच्या पायांनी आणि थकले तर येताना विजेच्या. परतीची हमी असली की माणूस दोन किलोमीटर पुढे जातो, हा या यंत्राचा खरा गुण.

या रविवारी घरातल्या सर्वांचे माप घ्या आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून ठेवा. लहानग्यांचे माप दर वर्षी बदलेल. त्यांनाही "वाढत्या अंगाची" सायकल घेऊ नका. मोठी झाल्यावर धाकट्याला देता येते.

माझ्याकडेही आता १७ इंची आहे. फाटक पडले की मी दोन्ही पाय टेकवून उभा राहतो. मालगाडी लांबलचक असली तरी हरकत नसते.