भुवईवरील शाई आणि तेहतीस वर्षांचा गुन्हा

१/ दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय सभेने २५ सप्टेंबर २०२५ रोजी टॅटूकारांचा कायदा संमत केला. डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने दुसऱ्याच्या भुवईवर शाई गोंदणे हा त्या देशात तोवर गुन्हा होता. तोही अशा देशात, जिथे भुवया कोरून घेणे केस कापून घेण्याइतकेच नित्याचे झाले आहे.

२/ या गुन्ह्याचा जन्म १९९२ साली सर्वोच्च न्यायालयात झाला. एका सौंदर्यतज्ज्ञाने ग्राहकांच्या भुवया गोंदल्या होत्या. शाई फक्त बाह्यत्वचेत जाते, म्हणून ही वैद्यकीय कृती नव्हे, असे खालच्या न्यायालयाचे मत होते. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. हात चुकला तर सुई आतल्या त्वचेपर्यंत जाईल, एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर रोग पसरेल, म्हणून हे काम डॉक्टरांचेच.

३/ सुईविषयीची भीती खोटी नव्हती, हे मान्य करायलाच हवे. अस्वच्छ सुईने कावीळ पसरू शकते. परंतु या तर्काचा शेवट परवाना, तपासणी आणि निर्जंतुकीकरणाच्या नियमांत व्हायला हवा होता. तो झाला बंदीत. बंदी आली आणि धंदा बंद दारांआड गेला; तिथे स्वच्छता तपासायला कोण जाणार? आरोग्यासाठी केलेल्या निवाड्याने आरोग्याचीच देखरेख अशक्य करून ठेवली.

४/ कौशल्याबद्दल थोडे. आजची 'नैसर्गिक' भुवई यंत्राने भरलेली नसते. बारीक सुयांची ओळ बसवलेल्या पात्याने, हाताने, एकेक केसासारखी रेघ ओढली जाते. शाई उथळ राहिली तर एक ते तीन वर्षांत फिकट होते. खोल गेली तर काळा रंग त्वचेआडून निळसर दिसू लागतो. जुन्या पिढीतील कित्येक स्त्रियांच्या निळ्या-करड्या भुवयांचे रहस्य हेच. ही खोली हाताला कळावी लागते. ती वैद्यकीय पदवीच्या अभ्यासात शिकवली जात नाही; म्हणजे कायद्याने ज्यांना अधिकार दिला त्यांना कला नव्हती, आणि ज्यांना कला होती त्यांना अधिकार नव्हता.

५/ गंमत अशी की, गोंदवून घेणे कधीच गुन्हा नव्हते. २०११ साली सत्ताधारी पक्षाचे नेते होंग जून-प्यो यांच्या गोंदलेल्या भुवयांची देशभर थट्टा झाली, ती केवळ थट्टाच. तुरुंगाची टांगती तलवार होती ती सुई धरणाऱ्याच्या डोक्यावर. भुवयांच्या या व्यवसायात बहुसंख्य स्त्रियाच. पैसे बुडवणाऱ्या ग्राहकाने 'पोलिसांत सांगेन' म्हटले, की त्यांना गप्प बसावे लागे.

६/ मुळात शाईविषयी इतका आकस का? जोसोन राजवटीत चोरांच्या अंगावर गुन्ह्याची अक्षरे गोंदत. राजा यंगजो याने १७४० मध्ये ही शिक्षा रद्द केली. कलंकाची आठवण मात्र उरली. भारतीय वाचकाला हे परके वाटू नये. ईस्ट इंडिया कंपनीने बंगाल इलाख्यात १७९७ पासून कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदवला आणि १८४९ पर्यंत ती प्रथा कायद्यात राहिली. त्या शिक्षेचे नाव होते 'गोदना'. महाराष्ट्रात ज्या गोंदणाला मेल्यावरही सोबत येणारा दागिना मानले, त्याचेच हे भावंड! एकच सुई, एकच काजळी. एकीकडे तुळस उमटते, दुसरीकडे आरोप. फरक पडतो तो सुई कोणाच्या हुकमाने चालते याने.

७/ बदल सहज आला नाही. २०२० मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने टॅटू ही वैद्यकीय कृती नाही असे ठरवले, तेव्हा अशी बंदी बाळगणारा कोरिया प्रगत देशांत जवळपास एकटा पडला. त्याच वर्षी टॅटूकार किम दो-यून यांनी कामगार संघटना उभारली. पुढच्या वर्षी एका अभिनेत्रीला गोंदल्याबद्दल त्यांनाच दंड झाला. जून २०२१ मध्ये खासदार रियू हो-जंग उघड्या पाठीवर टॅटूचे स्टिकर लावून संसदेसमोर उभ्या राहिल्या. तरीही मार्च २०२२ मध्ये घटना न्यायालयाने बंदी कायम ठेवली, ५ विरुद्ध ४ मतांनी. एका मताचे अंतर!

८/ नवा कायदा जारी झाल्यापासून दोन वर्षांनी अमलात यायचा आहे. त्यात परीक्षा आहे, परवाना आहे, स्वच्छतेचे बंधन आहे. १९९२ च्या न्यायाधीशांना जी भीती वाटत होती, तिचे हेच उत्तर तेव्हाही देता आले असते. टॅटू काढून टाकण्याचे काम मात्र डॉक्टरांकडेच राहील, आणि ते योग्यच आहे. पण मधल्या तेहतीस वर्षांत ज्यांना दंड झाले, ज्यांच्या नावापुढे 'गुन्हेगार' लागले, त्यांची प्रकरणे पुन्हा उघडली पाहिजेत. राजा यंगजोच्या काळी तो शिक्का कातडीवर असे. या स्त्रियांचा सरकारी दप्तरात आहे, आणि तो पुसण्यासाठी सुईचीही गरज नाही.