वाळू गेली कधी? आधी हे विचारा

दादर-माहीमच्या चौपाटीची धूप आता कुणाला नवी राहिलेली नाही. प्रभादेवीला कीर्ती कॉलेजच्या बाजूने चालत गेलं की उधाणाच्या दिवशी चालायला वाळू उरत नाही. दर पावसाळ्यात त्यावर बोललं जातं, दगड पडतात, भिंतीचे बेत होतात. असं का झालं, असं विचारलं तर मात्र तीन वेगवेगळी उत्तरं मिळतात. कुणी म्हणतं, हवामान बदललं, समुद्र वर आला. कोळीवाड्यात म्हणतात, वांद्र्याचा भराव झाला, सी लिंक आला, आणि पाण्याने वाट बदलली. तिसरे म्हणतात, दर्याच तो, नेतो आणि परत देतो.

तिन्ही उत्तरांत तथ्य आहे. पण औषध ठरवायचं तर कोणत्या कारणाचा वाटा किती, हे कळायला हवं.

आधी समुद्राच्या पातळीचं पाहू. मुंबईत अपोलो बंदराला १८७८पासून भरती-ओहोटीच्या नोंदी आहेत. विसाव्या शतकातली वाढ सरासरीने वर्षाला एक मिलिमीटरहूनही कमी होती. अलीकडे वेग वाढला आहे. ही वाढ खरी आहे आणि पुढे ती आपल्याला छळणार आहे. पण एकट्या तिच्याने हिशेब लागत नाही. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळाचा अभ्यास केला. त्यात देशाचा सुमारे एक तृतीयांश किनारा झिजलेला दिसला, तर एक चतुर्थांशाहून जास्त किनाऱ्यावर उलट भर पडली होती. वर येणारा समुद्र सगळीकडे आहे. तरी एका गावाची वाळू जाते आणि दुसऱ्या गावात साचते. म्हणजे स्थानिक कारणं शोधावीच लागतात.

‘नेतो आणि देतो’ हेही खरंच. पावसाळ्यातल्या उंच लाटा वाळू आत खेचून नेतात, थंडीतल्या शांत लाटा ती हळूहळू परत आणतात. म्हणून खरा प्रश्न असा विचारायला हवा : वाळू परत येणं कोणत्या वर्षापासून कमी झालं? ते साल सापडलं, तर त्या सुमारास माहीमच्या उपसागरात काय बांधलं गेलं ते तपासता येतं. वांद्र्याचा भराव, मिठीचं आवळलेलं मुख, २००९मध्ये खुला झालेला सी लिंक, २०१८मध्ये सुरू झालेला कोस्टल रोड, यांतल्या प्रत्येकाला तारीख आहे. वाळूच्या जाण्याला मात्र कुणी तारीख लावलेली नाही.

उपग्रहाची चित्रं मदत करतात. पण १९८०च्या दशकातल्या चित्रात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे ३० मीटर. दादरसारख्या अरुंद चौपाटीचा बारीक बदल त्यात नीट पकडता येत नाही. तिथे माणसांची गवाही लागते, आणि ती या किनाऱ्यावर भरपूर आहे.

दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो लोक चैत्यभूमीवर येतात. त्याच महिन्यात माहीमला मखदूम बाबांची जत्रा भरते. भाद्रपदात दादर चौपाटीवर विसर्जन होतं. या तिन्ही वेळी लोक फोटो काढतात, आजचे नव्हे, कित्येक वर्षांपासून. विसर्जनाचा फोटो पावसाळ्याने नेलेली वाळू दाखवतो, डिसेंबरचा फोटो परत आलेली. अशा वीस-तीस वर्षांच्या जोड्या शेजारी ठेवल्या तर ऋतूचा खेळ कोणता आणि कायमचं नुकसान कोणतं, हे बरंचसं वेगळं करता येईल.

आठवण फसवी असते, हा आक्षेप रास्त आहे. बालपणीची चौपाटी प्रत्येकाला रुंदच आठवते. कोळी बांधवांचा हितसंबंध आहे असंही म्हणतात. तो कंत्राट देणाऱ्यांचाही असतो. म्हणून कुणाच्याच शब्दावर न थांबता तारीख, वेळ आणि भरती पडताळावी. ते अवघड नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हे कोळ्यांना पाठ असतं. हिजरी महिनाही चंद्रावरच चालतो, त्यामुळे हाजीअलीची वाट केव्हा पाण्याखाली जाईल याचा अंदाज तिथल्या पोरांनाही असतो. फोटोची तारीख कळली की त्या दिवशी पाणी किती होतं, हे काढता येतं.

लोकांना विचारून काय होतं, हेही आपण वरळीत पाहिलं आहे. क्लीव्हलँड बंदरातून होड्या जातात तिथे कोस्टल रोडच्या दोन खांबांत ६० मीटर अंतर ठरलं होतं. खवळलेल्या पाण्यात ते पुरणार नाही, असं मच्छीमार सांगत होते. २०२१मध्ये त्यांनी काम अडवलं. २०२२च्या अखेरीस १२० मीटर मान्य झालं. त्यांची मागणी याहून मोठी होती, पण साठाचे एकशेवीस झाले ते त्यांच्या तजुर्ब्यामुळे. तोच तजुर्बा आराखडा काढतानाच विचारला असता तर एक वर्ष भांडणात गेलं नसतं.

भिंतीच्या बाबतीत हा उशीर जास्त महाग पडेल. उभ्या भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची उरलीसुरली वाळूही उपसते आणि भिंत संपते तिथे शेजाऱ्याचा किनारा खाते. निदान चुकलं तर रस्ता वाचेल, चौपाटी जाईल. मग होड्या कुठे ओढायच्या, आणि एका खोलीत राहणाऱ्या मुलांनी फुकट खेळायचं कुठे?

म्हणून मागणी साधी आहे. नवा बंधारा घालण्याआधी माहीम, दादर, प्रभादेवी आणि वरळीत लोकांच्या नोंदी घ्या, मराठीत, उर्दूत, हिंदीत, ज्याला जी येते तीत. २००६च्या पर्यावरण अधिसूचनेत जनसुनावणीसाठी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यायला सांगितलं आहे. सारांशावर न थांबता आकडे आणि नकाशेही समजतील असे द्या. आणि शाळांना सोबत घ्या. के. ओ. एमरी यांनी १९६१मध्ये दोन काठ्या आणि क्षितिजाची रेषा एवढ्यावर किनाऱ्याचा उतार मोजायची रीत मांडली. नववीची मुलं ती एका तासात शिकतील. दर महिन्याला, त्याच जागी, ओहोटीला मोजायचं. पाच वर्षांनी शहराकडे स्वतःची वही असेल.

तोवर आपल्या हातात एक काम आहे. कपाटातले जुने अल्बम काढा. चैत्यभूमीचा, विसर्जनाचा, माहीमच्या जत्रेचा, ईदच्या दुसऱ्या दिवशी चौपाटीवर काढलेला, मागे समुद्र दिसणारा कोणताही फोटो चालेल. मागच्या बाजूला तारीख लिहा, आठवत नसेल तर घरातल्या थोरांना विचारून लिहा. हे थोर आहेत तोवरच हे विचारता येईल.