कॉम्प्युटरला झोपायला शिकवा!

रात्री साडेनऊ-दहाला नवीन जालन्यातल्या एखाद्या कॉम्प्युटर क्लासच्या काचेच्या दारातून आत डोकावून बघा. सर घरी गेलेत, पोरं गेलीत, पंखे बंद. पण दोन-चार स्क्रीनवर स्क्रीनसेव्हर नाचतोच आहे, आणि बाकीच्या सीपीयूचे हिरवे दिवे चालू आहेत. विचारलंत तर उत्तर ठरलेलं, ‘स्क्रीन बंद होते की आपोआप!’

मित्रांनो, स्क्रीन बंद होणं म्हणजे कॉम्प्युटर झोपणं नाही. आणि स्क्रीनसेव्हर तर वीज वाचवतच नाही. जुन्या डबा मॉनिटरवर एकच चित्र कायमचं उमटू नये म्हणून ती सोय होती. मॉनिटर बदलले, आपली समजूत तशीच राहिली.

साधा हिशेब करू. समजा लॅबमध्ये 30 कॉम्प्युटर आहेत आणि नुसते चालू राहिले तर प्रत्येकी 60 वॅट खातात. संध्याकाळी 7 ते सकाळी 9, म्हणजे 14 तास. झाले 25 युनिट, एका रात्रीत. हेच कॉम्प्युटर स्लीपमध्ये असते, प्रत्येकी 3 वॅट धरले, तर सव्वा युनिटच्या आसपास. महिन्याला 25 रात्री धरा, सुमारे 600 युनिट वाचतात. रुपये तुमच्या बिलावरचा दर बघून तुम्हीच लावा. ते पैसे शेवटी कुणाच्या फीमधून जातात, हे वेगळं सांगायला नको. आपल्या एमआयडीसीत रात्रपाळीला वीज जळते तेव्हा निदान सळया तरी तयार होतात. इथे काय तयार होतं?

मग सेटिंग कुणी करत का नाही? आळस आहेच, पण सगळा दोष आळसाला देऊन चालणार नाही. दर व्हर्जनला हे सेटिंग घर बदलतं. 2001 च्या विंडोज एक्सपीत ते प्रत्येक युजरचं वेगळं असायचं. सरांनी आपल्या लॉगिनमधून केलेलं सेटिंग विद्यार्थ्याच्या लॉगिनला लागू व्हायचंच नाही. 2007 ला व्हिस्टा आला आणि सेटिंग अख्ख्या मशीनसाठी एक झालं. बॅलन्स्ड, पॉवर सेव्हर, हाय परफॉर्मन्स असे तीन प्लॅन मिळाले. 2012 च्या विंडोज 8 मध्ये फास्ट स्टार्टअप आलं, म्हणजे शट डाऊनसुद्धा पूर्वीसारखं पूर्ण शट डाऊन राहिलं नाही. आता विंडोज 11 मध्ये बरंचसं सेटिंग्जमधल्या ‘सिस्टीम’खाली गेलंय.

प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांनी तर हे वाचाच. ‘पॉवरसीएफजी’ ही कमांड एक्सपीच्या काळापासून आहे, पण व्हिस्टापासून तिची लिहिण्याची पद्धत बदलली. त्यामुळे आपल्या नव्या लॅपटॉपवर मस्त चाललेली स्क्रिप्ट कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर आपटते. त्याहून मोठा बदल वागण्यात झाला. एक्सपी झोपण्याआधी चालू प्रोग्रॅमना विचारायचा, ‘झोपू का?’ आणि कुणीही ‘नको’ म्हणू शकायचं. व्हिस्टापासून विचारणं बंद. ‘झोपतोय’ एवढाच निरोप, आणि आवरायला दोनेक सेकंद. लांबलचक काम असेल तर प्रोग्रॅमने आधीच सांगायचं, ‘जागा रहा.’ आणि काम संपलं की तो शब्द परतही घ्यायचा. हे परत घेणं आपण विसरतो आणि मशीन रात्रभर टक्क जागं राहतं. विंडोज 7 पासून ‘पॉवरसीएफजी रिक्वेस्ट्स’ ही कमांड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवली, की कुणी झोपू दिलं नाही त्याचं नावच समोर येतं.

लॅबवाल्यांचीही एक बाजू आहे, ती मान्य करू. ऑनलाइन परीक्षा चालू असताना एखादं मशीन झोपलं, की त्या दिवसापासून सगळीकडे ‘नेव्हर’! भीती खरी आहे, पण उपाय चुकीचा आहे. एका दिवसाच्या परीक्षेसाठी वर्षभर जागरण कशाला? प्लॅन वेगवेगळे असतात ते याचसाठी. रोजच्या प्लॅनमध्ये 15 मिनिटांनी स्लीप, परीक्षेच्या प्लॅनमध्ये ‘नेव्हर’. परीक्षेच्या सकाळी प्लॅन बदला, संध्याकाळी परत फिरवा. एका कमांडचं काम.

हा विषय आत्ताच का? 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा मोफत सपोर्ट संपला. कुणी 11 वर गेलंय, कुणी लिनक्स टाकतंय, कुणी सेकंडहँड लॅपटॉप घेतंय. ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की जुनं सेटिंग तसंच राहिलं असेल, असं गृहीत धरू नका. नव्या लॅपटॉपमध्ये तर झाकण लावल्यावरही मशीन थोडंफार काम करत राहू शकतं. संभाजीनगरच्या बसमध्ये मांडीवरची बॅग गरम लागली, तर कारण हे असू शकतं. लांबच्या प्रवासाला निघताना स्लीपऐवजी हायबरनेट करा.

आमचं म्हणणं एवढंच. क्लासमध्ये टायपिंग शिकवता, एक्सेल शिकवता, तसा एक तास पॉवर सेटिंगलाही द्या. सॉफ्टवेअर प्रोजेक्ट तपासताना ‘हे कुठल्या कुठल्या व्हर्जनवर चालवून बघितलं?’ हा प्रश्न मार्कांसकट विचारा. आणि तुम्ही? उद्या लॅबमधून निघताना सरांना विचारा, ‘सर, ही मशीन्स रात्री झोपतात का?’ फार तर सर रागावतील. पण पुढच्या महिन्याचं बिल आलं, की तेच तुम्हाला बोलावून घेतील.