प्रौढ अंध व अल्पदृष्टी नागरिकांचे अर्थसाहाय्य व करसवलत यांविषयी निवेदन

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,

आम्ही खाली सह्या आणि अंगठे करणारे, या राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांत राहणारे प्रौढ अंध व अल्पदृष्टी नागरिक, आपणांस आदरपूर्वक असे विदित करू इच्छितो की, आमच्यासाठी शासनाने वेळोवेळी ज्या योजना आखल्या, जी अर्थसाहाय्ये मंजूर केली आणि ज्या करसवलती दिल्या, त्यांच्या मागील सद्भावनेविषयी आमच्या मनात तिळमात्र संदेह नसला, तरी त्या साऱ्यांच्या रचनेत एक गृहीत वारंवार आढळते, आणि ते असे की, दृष्टी गेलेला प्रौढ मनुष्य हा कोणाच्या तरी आश्रयाने राहणारा असून त्याच्या गरजेचे माप त्या आश्रयदात्याच्या मिळकतीवरून घ्यावयाचे असते. हे गृहीत दूर व्हावे आणि आमचा हिशेब आमच्या स्वतःच्या नावावर मांडला जावा, एवढ्यासाठी हे निवेदन आहे. पुढे ज्या मागण्या येतील त्या या एकाच मागणीच्या शाखा होत.

अंधांच्या प्रश्नाचा विचार निघाला म्हणजे बहुतेकांच्या मनात प्रथम येतात ती अंधशाळेतील मुले. दादरची शाळा 1900 साली आणि ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा 1902 साली निघाली, तेव्हापासून या राज्यात मुलांच्या शिक्षणाची जी परंपरा निर्माण झाली तिचा आम्हांस अभिमान आहे, आणि आमच्यापैकी कित्येक जण अशाच शाळांतून शिकून बाहेर पडले आहेत. परंतु काचबिंदू, मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यास होणारी इजा, रेटिनायटिस पिगमेन्टोसासारखा आनुवंशिक विकार अथवा कारखान्यातील अपघात यांमुळे ज्याची दृष्टी पस्तिशीत, चाळिशीत वा पन्नाशीत गेली, त्याला ब्रेल येत नसते, पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडण्याचा सराव नसतो, घरी शिकणारी मुले असतात, डोक्यावर कर्ज असते, आणि ज्या हुन्नरावर आजवर संसार चालला तो हुन्नर, मग तो शिंप्याचा असो, गवंड्याचा असो की वाहनचालकाचा, पाहता पाहता हातचा निघून गेलेला असतो. अशा मनुष्यास नव्याने उभे राहण्यासाठी लागणारे शिक्षण कोठे मिळते, त्या काळात त्याच्या घराचे काय होते, याचा विचार आजच्या योजनांत फार थोडा आहे.

अंधत्वाला खर्च असतो, ही गोष्ट आम्ही मुद्दाम विस्ताराने मांडतो, कारण सवलतीचा सारा युक्तिवाद तिच्यावरच उभा आहे. जेथे डोळस मनुष्य चालत जातो तेथे अनोळखी जागी आम्हांला रिक्षा करावी लागते; सोबत माणूस न्यावयाचा तर त्याचे भाडे आणि त्याचा बुडालेला रोज द्यावा लागतो; छापील कागद वाचून दाखवण्यासाठी वाचक, परीक्षेसाठी लेखनिक, घरातील बारीकसारीक दुरुस्तीसाठी मजूर, हे सारे पैशाने विकत घ्यावे लागते, आणि ज्याच्या घरी हे फुकट होते त्याच्या घरी ते बहुधा पत्नीच्या, आईच्या किंवा शाळा सोडलेल्या मुलीच्या श्रमातून होत असते, ज्याची नोंद कोणत्याही दफ्तरात होत नाही. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा मोबाइल हा आमचा वाचनाचा मार्ग आहे, आणि त्याच्या खरेदीवर आम्ही इतरांप्रमाणेच 18 टक्के वस्तू व सेवा कर भरतो. टपालखाते अंधांच्या वाचनसाहित्यावर फार पूर्वीपासून टपालहशील घेत नाही. ज्या तत्त्वाने ब्रेलचे जाडजूड पुडके विनामूल्य पोचवले जाते, त्याच तत्त्वाने आमच्या आजच्या वाचनसाधनावरील कराचाही विचार व्हावा आणि राज्याने वस्तू व सेवा कर परिषदेत तशी शिफारस करावी, अशी आमची प्रार्थना आहे.

आता अर्थसाहाय्याकडे वळतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याच्या कलम 24 अन्वये, शासनाने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत दिव्यांगांच्या समाजात राहण्यायोग्य जीवनमानाची तजवीज करावयाची आहे, आणि अशाच स्वरूपाच्या योजनांत इतरांस जे साहाय्य मिळते त्याहून दिव्यांगांचे साहाय्य किमान 25 टक्क्यांनी अधिक असले पाहिजे, असे त्याच कलमात स्पष्ट लिहिले आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक साहाय्य आपल्या सरकारने 2025 साली 1,500 रुपयांवरून 2,500 रुपये केले, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. रकमेच्या बाबतीत राज्याने कायद्याच्या अपेक्षेहून पुढे पाऊल टाकले आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने नमूद करतो. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनाची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे 80 टक्के वा अधिक दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील स्थिती या दोन्ही अटी पुऱ्या करणाऱ्या प्रौढास दरमहा 300 रुपये मिळतात, विधवा निवृत्तिवेतनाचा केंद्रीय हिस्साही तितकाच आहे, आणि 25 टक्क्यांची तरतूद कायद्यात येऊनही ही बरोबरी तशीच राहिली आहे. विधवा भगिनींच्या वाट्याला कात्री लावून आमचा वाटा मोठा दिसावा अशी आमची मुळीच इच्छा नाही. दोन्ही रकमा वाढाव्यात आणि कायद्याने सांगितलेले अंतर राखले जावे, असे राज्याने केंद्रास आग्रहाने लिहावे.

परंतु रकमेपेक्षाही अधिक जाच आहे तो उत्पन्नाच्या अटीचा. संजय गांधी योजनेसाठी दिव्यांगाच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत असावे लागते, म्हणजे महिन्याला सुमारे 4,166 रुपये; ज्या घरात एक माणूस बारमाही रोजंदारीवर जातो त्या घराचे खरे उत्पन्नही या मर्यादेत बसणे कठीण, आणि म्हणून तलाठ्यापासून तहसील कचेरीपर्यंतचा दाखल्याचा प्रवास हा पुष्कळदा सत्य आणि गरज यांच्यामधील ओढाताणीचा प्रवास होतो. प्रामाणिक अर्जदाराला खोटे बोलण्यावाचून किंवा हक्क सोडण्यावाचून गत्यंतर न ठेवणारा नियम कोणत्याही सुराज्याला शोभणारा नाही. याच राज्यात 2024 साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवली आहे, आणि ती वाजवी आहे असेच आमचे मत आहे. पण दोन्ही योजना शेजारी ठेवून पाहिल्या असता असे दिसते की, ज्या घराचे उत्पन्न वर्षाला एक लाख रुपये आहे तेथील अंध स्त्रीस स्त्री म्हणून 1,500 रुपये मिळू शकतील, अंध म्हणून काहीही मिळणार नाही. आणि त्याच घरातील अंध पुरुषाच्या हाती तर एक रुपयाही येणार नाही. त्या स्त्रीची दृष्टी गेली या घटनेला शासनाच्या हिशेबात अशा वेळी काही किंमतच उरत नाही. पतीचे उत्पन्न मध्ये आणून अंध विवाहितेचा अर्ज फेटाळला जातो, तेव्हा तिला साहाय्य नाकारले जाते एवढेच नव्हे, तर रिक्षाभाड्यासाठीसुद्धा आयुष्यभर हात पसरण्याची पाळी तिच्यावर येते.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, 40 टक्के वा अधिक दृष्टिदिव्यांगत्व असलेल्या प्रौढाच्या बाबतीत कुटुंबाच्या उत्पन्नाची अट काढून टाकून केवळ त्याचे स्वतःचे उत्पन्न विचारात घ्यावे, आणि तसे करणे तूर्त अशक्य वाटत असेल तर निदान अडीच लाखांची मर्यादा आम्हांसही लावावी. तसेच उत्पन्न मर्यादेच्या वर गेले की सारे साहाय्य एका फटक्यात बंद, ही रीत बदलावी. टेलिफोनच्या स्विचबोर्डावर कंत्राटी काम मिळालेला किंवा छोटा स्टॉल घातलेला अंध तरुण आज मनातून धास्तावतो, कारण हंगामी कमाईपायी कायमचे साहाय्य जाईल आणि काम सुटल्यावर पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागेल. कमाई वाढेल तसे साहाय्य टप्प्याटप्प्याने कमी होत जावे, म्हणजे उद्योगी माणसाला त्याच्या उद्योगाचा दंड भरावा लागणार नाही.

जे आमच्यापैकी नोकरी वा व्यवसाय करून आयकर भरतात त्यांचीही कैफियत याच जातीची आहे. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 80 यू अन्वये 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या करदात्यास 75,000 रुपयांची आणि 80 टक्के वा अधिक असल्यास 1,25,000 रुपयांची ठोक वजावट मिळते. खर्चाच्या पावत्या मागितल्या जात नाहीत, कारण असा खर्च अटळ आहे हे कायद्यानेच मान्य केले आहे. या रकमा 2015 च्या अर्थसंकल्पात ठरल्या आणि मधल्या काळात सर्व वस्तूंचे भाव चढूनही जागच्या हलल्या नाहीत. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, जी नवी करप्रणाली आता सर्वांना आपोआप लागू होते, तिच्यात ही वजावट नाही, आणि दिव्यांग आप्ताचा सांभाळ करणाऱ्यांसाठी असलेली कलम 80 डीडीची वजावटही नाही. 1961 च्या कायद्याची जागा घेणाऱ्या 2025 च्या कायद्यातही हीच विभागणी कायम राहिली आहे. 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर नव्या प्रणालीत करच लागत नाही, मग तक्रार कसली, असे आम्हांला विचारले जाते. उत्तर असे की, ती सूट सर्वांनाच आहे. त्या मर्यादेच्या वर वेतन घेणारे दोन अधिकारी शेजारच्या मेजांवर बसत असतील, एक डोळस आणि एक अंध, तर नव्या प्रणालीत दोघांचा कर समान येतो, जणू अंध अधिकाऱ्याचा प्रवासाचा, वाचकाचा आणि साधनांचा खर्च अस्तित्वातच नाही. जुन्या प्रणालीत 20 टक्क्यांच्या टप्प्यातील अंध करदात्याचा 1,25,000 रुपयांच्या वजावटीमुळे उपकरासह 26,000 रुपये कर वाचतो. तो लाभ टिकवण्यासाठी आज त्याने नव्या प्रणालीतील हलके दर सोडून द्यावेत, असा पर्याय त्याच्यापुढे ठेवला आहे.

वस्तुतः तत्त्व केंद्र सरकारलाही अमान्य नाही, कारण अंध कर्मचाऱ्यास मालकाकडून मिळणाऱ्या वाहतूक भत्त्यावरील ठरावीक मर्यादेपर्यंतची करमाफी नव्या प्रणालीतही शिल्लक ठेवलेली आहे. पण तीही पगारदारापुरती. अंध वकिलाला, संगीतशिक्षकाला, मालिश करणाऱ्या व्यावसायिकाला तिचा उपयोग नाही. महाराष्ट्राने मात्र स्वतःच्या अधिकारातील व्यवसायकराच्या बाबतीत 1975 च्या कायद्यात कायम दिव्यांगत्व असलेल्यांना, आणि त्यांत अंधांना, माफी दिलेली आहे, आणि ती देताना कोणत्या प्रणालीची निवड केली असा प्रश्न विचारलेला नाही. वर्षाला 2,500 रुपयांचा तो कर आहे. रक्कम लहान, पण न्याय पुरा आहे. हाच न्याय आयकरास लावून कलम 80 यूची वजावट दोन्ही प्रणालींत समान उपलब्ध करावी आणि तिची रक्कम महागाईच्या निर्देशांकाशी जोडावी, अशी शिफारस आपण राज्याच्या वतीने केंद्रीय अर्थमंत्र्यांकडे करावी.

हक्क कागदावर असला तरी तो पदरात पडण्याची वाट दिव्यांगत्वाच्या दाखल्यातून जाते. सिरोंचासारख्या तालुक्यातून त्याच्या तपासणीसाठी गडचिरोलीस जावयाचे म्हणजे सुमारे दोनशे किलोमीटर. दृष्टी नुकतीच गेलेल्या माणसाने सोबत्यास घेऊन तेथवर जावे, त्या दिवशी नेत्रतज्ज्ञ रजेवर असल्याचे कळावे आणि पुन्हा यावे, हा अनुभव आमच्यातील अनेकांचा आहे. तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या तारखांना तपासणी शिबिरे व्हावीत. शिवाय दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र साऱ्या देशात ग्राह्य आहे असे कायदा सांगत असता, प्रत्येक खाते नव्याने कागद मागते, ते बंद करण्याचा हुकूम व्हावा. बँकांनी अंध खातेदारास चेकबुक, एटीएम व लॉकर यांसह सर्व सुविधा द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने 4 जून 2008 च्या परिपत्रकाने बजावलेले आहे, तरी आमच्यापैकी एका शिक्षकास अलीकडेच खाते उघडताना, व्यवहार पाहण्यासाठी डोळस नातेवाइकाचे नाव जोडा, असे सांगण्यात आले. जो मनुष्य वर्गात मुलांना इतिहास शिकवतो त्याला स्वतःच्या पगाराचा धनी होण्यासाठी पालक लागावा, ही अवस्था आम्हांला असह्य वाटते.

संकेतस्थळांवरील अर्जांत वेडीवाकडी अक्षरे पाहून लिहावयास सांगितले जाते, ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप मागितली जाते. सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सेवांची सुगमता ही संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आहे. तेव्हा राज्याच्या अनुदान योजनांची सर्व संकेतस्थळे त्या निकालानुसार तपासून घ्यावीत आणि तपासणीत अंध वापरकर्त्यांना मानधन देऊन सामील करावे.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. सेवेत असताना दृष्टी गेलेल्या शासकीय कर्मचाऱ्यास कामावरून काढता येत नाही, असे 2016 च्या कायद्याचे कलम 20 सांगते. खाजगी नोकरीतील माणसाला हे संरक्षण नाही, म्हणून पुनर्वसनाच्या प्रशिक्षणकाळात त्याच्या कुटुंबास पुरेसा निर्वाहभत्ता देण्याची योजना दिव्यांग कल्याण विभागाने आखावी. रेल्वेची भाडेसवलत पूर्ण अंधांपुरतीच असल्याने अल्पदृष्टी प्रवासी तिच्याबाहेर राहतात, हेही केंद्राच्या नजरेस आणून द्यावे.

या सर्व बाबींवर प्रत्यक्ष बोलण्यासाठी आमच्या पाच प्रतिनिधींना आपल्या सोयीच्या दिवशी भेटीची वेळ द्यावी, आणि सोबत येणाऱ्या मदतनिसांस मंत्रालयाच्या प्रवेशद्वारी अडवू नये, अशी विनंती आहे. निवेदनाचे उत्तर ब्रेलमध्ये अथवा वाचक सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा युनिकोड मजकुरात पाठवावे. स्कॅन केलेल्या कागदाचे चित्र पाठवल्यास ते आम्हांला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागेल.

कळावे.

आपले विश्वासू,
महाराष्ट्रातील प्रौढ अंध व अल्पदृष्टी नागरिक

प्रत सादर :
मा. केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली
मा. मंत्री, दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, दिव्यांग कल्याण, पुणे