कुत्र्याच्या तोंडी आपलीच आरती

घरातल्या कुत्र्यानं सांगितलेली एखादी कादंबरी वाचून तुम्ही रडला असाल. मीही रडलोय. तरी सांगतो, अशा बहुतेक कादंबऱ्यांत कुत्रा नसतोच. असतो तो शेपूट लावलेला माणूस, आणि त्याला काम एकच: घरच्यांना चांगुलपणाचं सर्टिफिकेट देणं.

गार्थ स्टाइनची २००८ची 'द आर्ट ऑफ रेसिंग इन द रेन' घ्या. निवेदक एन्झो हा एका रेसिंग ड्रायव्हरचा कुत्रा. तो टीव्ही बघतो, तत्त्वज्ञान सांगतो, आणि त्याची सर्वांत मोठी इच्छा काय, तर पुढच्या जन्मी माणूस व्हायचं. ही इच्छा कुत्र्याची? छे! सगळ्या सृष्टीला आपल्यासारखं व्हावंसं वाटावं, ही हौस माणसाची.

आपणही मागे नाही. युधिष्ठिरामागं शेवटपर्यंत चालत गेलेला कुत्रा अखेर धर्म निघाला. दत्ताच्या पायाशी बसलेल्या चार कुत्र्यांना आपण चार वेद म्हणतो. कुत्र्यानं काहीही व्हावं, फक्त कुत्रा राहू नये.

'मग कुत्र्याला मराठी बोलायला लावणंच खोटं,' असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. भाषा उसनी चालेल, नजर उसनी नको. व्हर्जिनिया वूल्फनं १९३३ साली 'फ्लश'मध्ये एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग या कवयित्रीच्या स्पॅनिएलचं चरित्र लिहिलं. निवेदन माणसाचंच, पण फ्लॉरेन्स शहर आपल्याला कळतं ते वासांतून. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'ला १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात वानरांच्या टोळ्या सत्तेसाठी झुंजतात, आणि त्या झुंजीला माणसाची शाबासकी लागत नाही.

आता आमच्या मालवणकडे या. इथला घरचा कुत्रा सोफ्यावर बसत नाही. तो खळ्यात असतो, पावसात पडवीत. भात एका घरी, बांगड्याचं डोकं दुसऱ्या घरी, आणि रापण ओढत असतील तेव्हा स्वारी किनाऱ्यावर. 'कुत्र्याक भात घातलंस?' एवढाच त्याच्याविषयीचा घरातला संवाद. चतुर्थीला चाकरमानी येतात, पोरं त्याच्याबरोबर सेल्फी काढतात. मग गणपती पाण्यात जातात, सामान रिक्षात चढतं, दाराला कुलूप लागतं. त्या दाराशी कुत्रा किती दिवस बसला, हे मुंबईत कुणालाच कळत नाही.

हे लिहा ना! बंद घराचा वास महिन्यामहिन्यानं कसा बदलतो, हे वाडीत त्यालाच ठाऊक. पलीकडच्या घरात एकटी राहिलेली आजी रात्री कुणाशी बोलते, तेही त्यालाच. आणि एक दिवस तो उठून त्या आजीच्या खळ्यात कायमचा जाईल, तेव्हा त्याला बेइमान ठरवू नका. निष्ठेच्या करारावर त्यानं कधी सही केली नव्हती.

अशी कादंबरी वाचून रडू येणार नाही, थोडी लाज वाटेल. तेवढी सोसायची तयारी असेल, तरच कुत्र्याला बोलतं करा.