संगणकात सफाई कामगार कुठे आहे?

महापालिकेत संगणक आला की कारभार स्वच्छ होतो, असे आम्हाला वर्षानुवर्षे ऐकवले जाते. हजेरी, पगार, भांडार, खरेदी आणि हिशेब एकत्र जोडणाऱ्या प्रणालीला ‘ईआरपी’ म्हणतात. जर्मनीत १९७२ साली स्थापन झालेल्या ‘सॅप’ कंपनीची अशी प्रणाली मुंबई महापालिका दीड दशकाहून अधिक काळ वापरते आहे. आमचा संगणकाला विरोध नाही. पण त्यात आमचा माणूस कोणत्या खात्यात टाकला, हे विचारण्याचा आम्हाला हक्क आहे.

कायम कामगाराला या प्रणालीत स्वतःचा क्रमांक मिळतो. रजा, पगार, भविष्य निर्वाह निधी, सारे त्या क्रमांकावर नोंदले जाते. कंत्राटी कामगार मात्र सहसा माणूस म्हणून येतच नाही. येते ते ठेकेदाराचे बिल, तेही खरेदी विभागात! बिल मंजूर झाले की हिशेब जुळला. गटारात उतरणाऱ्याला किमान वेतन मिळाले काय, हातमोजे मिळाले काय, हे पडद्यावर दिसत नाही.

या प्रणाली मोठ्या पाश्चात्त्य कंपन्यांच्या गरजेतून घडल्या. तिथे कामगार मालकाच्या पटावर असतो, हे गृहीत असते. भारतासारख्या विकसनशील देशात ते गृहीतच खोटे ठरते. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा २० पेक्षा कमी माणसांच्या ठेक्याला लागू नव्हता, म्हणून ठेके लहान केले गेले. मुंबईत कचरा उचलणाऱ्यांना ‘स्वयंसेवक’ म्हटले गेले. दीर्घ लढ्यानंतर २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला. तरीही अनेकांना नावाच्या स्पेलिंगवरून अडवले गेले. अनेक वर्षे शहर झाडणाऱ्याचे नाव नीट लिहून ठेवावे, असे कुणालाच का वाटले नाही? झाडू कोणत्या जातींच्या हाती आहे, हे पाहिले की उत्तर मिळते.

बाबासाहेबांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभारला, कारण संघटनेशिवाय कामगाराची नोंद कुणी घेत नाही, हे ते जाणून होते. म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक कंत्राटी कामगाराचे नाव, हजेरी व वेतन महापालिकेच्याच प्रणालीत नोंदवा. कामगाराच्या खात्यात वेतन जमा झाल्याशिवाय ठेकेदाराचे बिल मंजूर होऊ देऊ नका. ती नोंद कामगाराला मराठीत पाहता आली पाहिजे.

यंत्र हे करू शकते. प्रश्न नियतीचा आहे. आमच्या शिकलेल्या, संगणक जाणणाऱ्या तरुणांनी आता कामगार संघटनांच्या पाठीशी उभे राहून हा जाब विचारावा.